ब्लॉकच्या खोलीची खिडकी

आबा,

तुमच्या खिडकीत दिवा लावून आणते, असं मी आईला कबूल केलं होतं. गेल्या आठवड्यात तुमच्या चित्राची जस्ताची प्लेट कापडात गुंडाळून, पिशवीत घालून कलाशाळेतल्या सरांकडे गेलेही होते. दिवा न लावताच परत आले. आईला हे अजून सांगितलेलं नाही. ती रोज विचारते, मी रोज काहीतरी थाप मारते, आणि आता थापा संपल्या म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्ही असता तर "एवढं लांबण कशाला लावतीस, मुद्द्याचं बोल की," म्हणाला असता. बोलते. पण मुद्द्यावर यायचं तर मला तुमच्या त्या खोलीतूनच यावं लागेल.

तुम्ही काढलेलं ते चित्र आमच्या पुढच्या खोलीत रस्त्याकडच्या खिडकीच्या बाजूच्या भिंतीला आहे. येणारा-जाणारा बघतो. शिवाजी पेठेच्या तोंडाशी उभी असलेली तुमच्या वर्तमानपत्राची जुनी इमारत, खाली काळ्या दगडाचा मजला, वर लाकडी, त्यावर कौलं, आणि वरच्या मजल्यावर ओळीनं खिडक्या. रस्त्यावर माणूस नाही, सायकल नाही, कुत्रंसुद्धा नाही. आणि सगळ्या खिडक्या लख्ख उजळलेल्या. फक्त कोपऱ्यातली एक काळी. पाहुणे आधी कौतुक करतात, मग जरा जवळ जाऊन बघतात आणि हमखास विचारतात की तेवढ्या एका खोलीत कोण नाही का. मी म्हणते, ती ब्लॉकची खोली. ब्लॉक म्हणजे काय हे आता कोणाला ठाऊक नसतं, मग चहा आणते आणि विषय तिथंच राहतो.

मला मात्र ती खोली डोळे मिटल्याबरोबर दिसते. मी परकर-पोलक्यातली, शाळा सुटल्यावर तुम्हाला घरी न्यायला आले आहे. जिना चढताना खालची मशीन सुरू असली की पायऱ्या तळव्यांना गुदगुल्या करतात. छपाईची शिशाची अक्षरं, म्हणजे खिळे, जुळवणाऱ्यांच्या मोठ्या दालनातून सगळ्यांचे "आली का गं घरची वर्दी घेऊन?" असले टोमणे ऐकत मी टोकाच्या दाराशी येते. दारापासूनच नाकात ॲसिडचा तो वास भरतो, घसा खवखवतो. आत भिंतीएवढा कॅमेरा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कार्बनच्या कांड्यांचे ते दिवे. ते लागले की डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. गावात त्या वेळी तुमच्या खोलीएवढा उजेड दुसऱ्या कुठल्या खोलीत नसेल. पण खिडकीच्या काचांना तुम्ही आतून-बाहेरून काळा रंग फासलेला, बाहेरचा प्रकाश फिल्मवर पडू नये म्हणून. त्यामुळे रस्त्यावरून बघणाऱ्याला सगळ्या खिडक्यांत दिवा दिसे, तुमच्या खिडकीत कधीच नाही. एकदा गणपती बघायला आपण सगळे निघालो होतो, तेव्हा आईनं खालून बोट दाखवून विचारलं होतं, "तुमची कंची वो?" तुम्ही दाखवलीत. ती म्हणाली, "ती व्हय? मला वाटलं ती अडगळीची हाय." सगळे हसले. तुम्हीही हसलात, पण पुढं जाताना तुम्ही दोनदा वळून त्या खिडकीकडं बघितलंत, हे मला आठवतं.

तुमचं काम मला जादूसारखं वाटायचं आणि तुम्हाला ते तसं वाटलेलं आवडायचं नाही. फोटो असो की जाहिरातीतलं चित्र, ते जस्ताच्या पत्र्यावर उतरायचं. जे छापून काळं यायला हवं ते झाकायचं, बाकीचं उघडं सोडायचं, आणि पत्रा ॲसिडच्या ट्रेमध्ये. उघडं असलेलं ॲसिड खाणार, झाकलेलं उंच राहणार, त्या उंचवट्याला शाई लागणार, हाच ब्लॉक. झाकलं ते काळं, उघडं ते पांढरं. ट्रे सारखा हलवत ठेवावा लागे, नाहीतर पत्रा कुठं जास्त खाल्ला जातो, कुठं कमी. तुम्ही तो दोन्ही हातांनी धरून डुलवत उभे असायचात, उजव्या अंगाला कललेले. इतकी वर्षं डुललात की ट्रे हातात नसतानाही डुलायचात. देवळाच्या रांगेत, दाढी करताना, आईनं वाढेपर्यंत चुलीपाशी उभे असताना. आई म्हणायची, "स्थिर उभारा की जरा, मला गरगरतंय."

एकदा मी ट्रेमधल्या पत्र्यावर उठणारे बुडबुडे बघता बघता बोट पुढं केलं. तुम्ही माझ्यावर एवढ्या जोरात कधीच ओरडला नव्हतात. "हात मागं घे! ॲसिडला डोळं असत्यात व्हय? उघडं घावलं की खातंय ते. तुजं बोट हाय का पत्रा, त्येला काय कळतंय?" दालनातले खिळे जुळवणारे हात थांबले. मी रडले. संध्याकाळी घरी येताना तुम्ही खिशातून एक टाकाऊ ब्लॉक काढून माझ्या हातात ठेवलात, कुठल्याशा साडीच्या दुकानाच्या जाहिरातीतला मोर. मी तो थेट स्वयंपाकघरात नेला आणि आईनं चपातीसाठी मळून ठेवलेल्या कणकेच्या गोळ्यांवर एकेक मोर उठवत बसले. काय सुरेख उठले होते! आईनं बघितलं आणि घर डोक्यावर घेतलं. "ॲसिडातलं सामान पिठाला लावलंय! बापानं दिलं आणि लेकीनं लावलं!" सगळी कणीक म्हशीला गेली, आणि म्हशीला काही झालं नाही, हे तुम्ही पुढं कितीतरी दिवस आईला ऐकवत होतात.

मग मी मोठी झाले, मास्तरीण झाले, लग्न करून मंगळवार पेठेत आले, म्हणजे हाकेच्या अंतरावर. आणि एक दिवस तुमच्या मालकांनी नवीन छपाई आणली. त्यात खिळे नाहीत, ब्लॉक नाहीत, सगळं फिल्मवर. ऑफिस गावाबाहेर गेलं. तरुण होते ते नवीन काम शिकले. तुम्हाला हार, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. इमारत विकली गेली होती, पाडायची होती, पण कागदपत्रांवरून काहीतरी अडलं म्हणून ती तशीच बंद उभी होती. वीज तोडलेली, दाराला कुलूप. तुम्ही रोज दुपारी समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसायला लागलात. आई मला बोलवून घेऊन म्हणाली, "जरा बघ की गं ह्यांच्याकडं, डोक्यावर परिणाम झालाय का काय." मी आले तर तुम्ही मांडीवर पुठ्ठा ठेवून इमारत काढत होतात. तुम्हाला स्वतःला चित्र काढताना मी कधी पाहिलंच नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांची चित्रं ॲसिडात घातलीत. मी विचारलं, हे कशाला. तुम्ही वर न बघता म्हणालात, "पाडायच्या आत काढून घेतो."

कलाशाळेतले सर तुमच्याकडून ब्लॉक करून घेत, त्यामुळे ओळख जुनी. त्यांनीच सुचवलं की मामा, हे जस्तावरच करा, आमच्याकडं हातानं फिरवायचा प्रेस आहे, एचिंग काढू. तुम्हाला काय, जस्त आणि ॲसिड घरचंच. तुम्हाला भीती एकच होती, चित्र उलटं छापलं जाईल याची, म्हणून तुम्ही आरसा पुढ्यात ठेवून रेघ न् रेघ तपासलीत. त्यात चूक केली नाहीत. चूक दुसरीकडंच झाली. एचिंगचं गणित तुमच्या ब्लॉकच्या बरोबर उलट असतं. पत्र्यावर मेण चढवायचं, सुईनं रेघा ओढायच्या, जिथं उघडं पडेल तिथं ॲसिड खड्डा करणार आणि त्या खड्ड्यात शाई राहणार. म्हणजे उघडं ते काळं आणि झाकलेलं पांढरं. सरांनी तुम्हाला हे सांगितलं होतं. तुम्ही मान डोलावली होतीत. रेघा सगळ्या बरोबर ओढल्यात. पण शेवटी खिडक्या भरायची वेळ आली तेव्हा हात जन्मभराच्या सवयीनं चालला. अंधाऱ्या खिडक्या काळ्या राहाव्यात म्हणून तुम्ही त्या वॉर्निशनं झाकून टाकल्यात. आणि एका खिडकीत दिवा हवा होता, तिथलं मेण खरवडून पत्रा उघडा सोडलात.

पहिला कागद उचलला तेव्हा मी तिथं होते. ओला कागद सरांनी दोन कोपऱ्यांना धरून वर घेतला आणि ते मोठ्यानं हसले, "मामा, दिवाळी केलासा की वो!" सगळी बंद इमारत उजेडानं भरली होती. प्रत्येक खिडकीत कोणीतरी बसलेलं असावं असा उजेड. तुम्ही जवळ आलात, चष्मा कपाळावर सरकवलात आणि बराच वेळ बघत उभे राहिलात, डुलत. मग म्हणालात, "सगळ्या लागल्या. माजीच तेवढी विझली." मला तेव्हा समजलं की चित्रातली इमारत तुम्ही बंदच काढायला निघाला होतात, सगळ्या खिडक्या काळ्या, आणि एकच उजळ. जी कधी कोणाला उजळ दिसली नव्हती ती. सर वरमले. म्हणाले, दुसरी प्लेट करू, त्यात काय. तुम्ही म्हणालात, "करू. सोमवारी मेण लावतो." पण घरी येताना तुम्ही दोनदा वळून कलाशाळेकडं बघितलंत, त्या जुन्या गणपतीच्या दिवसासारखं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही फिरायला म्हणून बाहेर पडलात आणि परत आलात ते धापा टाकत. मी तेव्हा आईकडंच होते. तुम्ही उंबऱ्यातच उभे राहून म्हणालात, "सगळ्या खिडक्या लागल्यात गं." आई म्हणाली, "कुटल्या?" तुम्ही म्हणालात, "ऑफिसच्या. चित्रात हाईत तशा. मी डोळ्यांनी बघून आलो." आईनं कपाळाला हात लावून बघितला, ताप नव्हता. मी तुम्हाला समजावलं. मी शाळेत विज्ञान शिकवते, मला चटकन सुचलं. म्हटलं, आबा, इमारत पश्चिमेकडं तोंड करून आहे, मावळतीचं ऊन काचांवर पडलं की त्या पेटल्यासारख्या दिसतात, आणि तुमच्या काचा काळ्या रंगवलेल्या, त्या कशा चमकतील. म्हणजे चित्र चुकलं नाही, उलट हुबेहूब आलं. मला वाटलं तुम्हाला बरं वाटेल. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, फार दया आल्यासारखं बघितलंत, आणि म्हणालात, "ऊन कवाच गेलंवतं." एवढंच. मग हातपाय धुवून जेवायला बसलात.

सोमवार आला नाही. दोन दिवसांनी दुपारी तुम्ही चहा मागितलात. आई चहा घेऊन बाहेर आली तर तुम्ही खुर्चीत उजव्या अंगाला कलून बसला होतात. तुम्ही असेच कललेले असायचात, त्यामुळे तिला काही वेगळं वाटलं नाही. कप शेजारी ठेवून ती समोर भाजी निवडत बसली आणि तुमच्याशी बोलत राहिली, पाणी वेळेवर येत नाही, शेजारच्यांनी मोरीचं तोंड आपल्याकडं केलंय, असलं सगळं. चहावर साय धरली तेव्हा ती रागावली, आणि मग तिनं हात लावला. तिनं हे मला एकदाच सांगितलं आहे. अजूनही कोणी खुर्चीत गप्प बसलं की मी उगाच हाक मारून बघते.

इमारत पुढच्या उन्हाळ्यात पाडली. आता तिथं तीन मजली कॉम्प्लेक्स आहे, खाली कॅसेटचं दुकान आणि झेरॉक्स, वर लॉज. तुमच्या खिडकीच्या जागी नुसती भिंत आहे आणि तिच्यावर पाण्याच्या पंपाची जाहिरात. रस्ता रुंद झाला, टपरी गेली. आई माझ्याकडं राहायला आली, आणि येताना तुमचं घड्याळ, ते चित्र आणि कापडात गुंडाळलेली प्लेट घेऊन आली. चित्र टांगल्यापासून तिचं एकच पालुपद. "सगळ्यांची उजळ आणि ह्यांचीच काळी. बरं न्हाई ते. सरास्नी सांग, तेवढी नीट करून घे." सर म्हणाले, होतं की. खोल खाल्लेला भाग घासून, चोळून सपाट केला की तिथं शाई धरत नाही, पांढरं येतं, दुपारभराचं काम. तरी मी टाळत राहिले. का ते तेव्हा सांगता आलं नसतं. काळी खिडकी बघून गलबलायचं हे खरं. पण तिथं उजेड आला तर आत कोणीतरी आहे असं होईल, आणि ते मला झेपेल का, हेही मनात यायचं.

मग या पावसाळ्याच्या शेवटी एका संध्याकाळी लाइट गेली. आई पुढच्या खोलीत पलंगावर बसलेली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ताटातली भाजी कुठली हे तिला चव घेतल्याशिवाय कळत नाही. मी आतून मेणबत्ती घेऊन येत होते, तेवढ्यात ती म्हणाली, "ह्यो कोण उभारलाय गं तितं?" मी म्हटलं, कुठं? "त्या काळ्या खिडकीत. एका अंगाला कललाय बघ." माझ्या हातातली मेणबत्ती पेटलेली होती, तिचा उजेड काचेवर पडला आणि चित्रात मला माझाच चेहरा दिसला. खिडकीत काही नव्हतं. आईही म्हणाली, "गेला." जणू शेजारचा कोणी डोकावून गेला, अशा आवाजात. आणि लगेच विचारलं, "करून आणतीस न्हवं दिवा?" मी हो म्हटलं. खरं सांगते, भ्याले म्हणून हो म्हटलं.

सरांनी प्लेट टेबलावर ठेवली, हत्यार हातात घेतलं, आणि सुरुवात करण्याआधी नीट बघावं म्हणून मी पर्समधून तुमचं ब्लॉक तपासायचं भिंग काढून दिलं. ते बघत राहिले, मग चटकन हत्यार खाली ठेवून मला म्हणाले, तुम्ही बघा. तिरप्या उजेडात खिडकीचा सगळा खड्डा खडबडीत दिसत होता, आणि त्याच्या मधोमध तांदळाच्या दाण्याएवढा एक उंचवटा. ॲसिडनं कडा कुरतडलेल्या, तरी डोकं कळत होतं, खांदे कळत होते. एक खांदा खाली. पुढं हात, हातांत काहीतरी चपटं. मी भिंग परत सरांच्या हातात दिलं. सर हळू आवाजात म्हणाले, "हितं मेण ठेवलंवतं मामांनी. उजेडात माणूस काळा दिसावा म्हणून." झाकलं ते काळं. तुम्ही फक्त दिवा लावला नव्हता आबा, तुम्ही स्वतःला उभं केलं होतंत त्यात. पण उलट्या गणितात उजेड काळा झाला आणि तुम्ही फिके झालात, इतके फिके आणि झिजलेले की छापलेल्या कागदावर नुसती शाई नीट न बसल्यासारखं वाटावं. मी विचारलं, भोवतीनं घासता येईल का, माणूस ठेवून? सर म्हणाले, "येईल की. पण खिडकी पांढरी झाली की त्यो बी पांढऱ्यात पांढरा. मग कुणाला दिसणार?"

खिडकी उजळ हवी असेल तर तुम्ही नाही, आणि तुम्ही हवे असाल तर अंधार. मी पदराला डोळे पुसले, प्लेट गुंडाळली आणि चालत घरी आले. तुमची एकच इच्छा होती आणि ती दुपारभरात पुरी करता येत होती. मी केली नाही. मला तुमची इच्छा नको होती, तुम्ही हवे होता. याबद्दल रागवायचं असेल तर रागवा, फक्त त्या ट्रेपाशी रागावला होतात तेवढं नको.

एक मात्र कळलं. खोलीत दिवा असला की चित्राची काच चमकते आणि काही दिसत नाही. दिवा नसला आणि रस्त्यावरचा उजेड बाजूनं आला, की तुम्ही असता. दिवेलागणीच्या सुमाराला मी तिथं खुर्ची टाकून बसते. बघत राहिलं की तुम्ही डुलायला लागता. विज्ञानाची मास्तरीण म्हणून सांगते, एकटक बघितलं की डोळे थकतात आणि स्थिर वस्तू हलल्यासारखी वाटते. हेही मी तुम्हाला समजावलं असतं आणि तुम्ही पुन्हा तसंच बघितलं असतंत.

काल भाजी घेऊन कोपऱ्यावरून वळले आणि आमच्याच घराकडं बघून रस्त्यात थबकले. स्वयंपाकघरात दिवा, मधल्या खोलीत दिवा, माडीवर पोरं अभ्यासाला बसलेली, तिथंही दिवा. फक्त पुढच्या खोलीची खिडकी काळी. आणि त्या खिडकीत कोणीतरी उभं होतं, एका अंगाला कललेलं. मला वाटलं आई माझी वाट बघते आहे. घरात आले तर आई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसली होती, चाचपून चाचपून. मी भाजीची पिशवी तिच्याजवळ ठेवली. पुढच्या खोलीत गेले नाही. तिनंच विचारलं, "दिवा झाला का गं?" मी म्हटलं, सरांना वेळ नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, तेवढं मला कळतं. लिहून झालं की चूल पेटवायला ठेवलेल्या कागदांत घालेन. पण त्याआधी एक गोष्ट कबूल करायची आहे. पुढच्या खोलीतली ट्यूब बिघडली आहे असं मी घरात सांगितलं आहे. ह्यांनी नवी ट्यूब आणून बसवली, तरी ती लागत नाही, आता ते वायरमनला बोलवायचं म्हणताहेत. ट्यूब चांगली आहे, आबा. तिचा स्टार्टर मी काढून मोहरीच्या डब्यात ठेवला आहे.